उत्तर न येणाऱ्याने उभं राहायचं

मुलुंड पूर्व,
१६ जून २०२४

ती. शेवंतीमावशीस,
क्षमाचा प्रेमाचा सलाम.

कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून तुझा फोन बंद, मोबाइलवरचं वाचवत नाही म्हणून मेसेजही बंद. तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. अबोलीला शाळेतून काढून मी घरात काय दिवे लावते, असं तू विचारलंस. म्हणजे अबोलीच्या बाबाने, आमच्या आकाशने, बोरिवलीला येऊन तुझे कान भरलेले दिसतात. ते बरं ऐकू येतं तुला!

अगं, हे जुन्या वळणाचं ख्रिस्ती शिक्षण आहे. आधी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व. अबोली नऊ वर्षांची, म्हणजे अजून पाठांतरातच. या वयात मुलं जाहिरातीसुद्धा पाठ करतात, तर म्हटलं चांगलं काहीतरी पाठ होऊ दे. सकाळी प्रार्थना, मग टाळ्या वाजवत लॅटिनची रूपं, इतिहास, गणित आणि शेवटी धर्माची प्रश्नोत्तरी. मी प्रश्न विचारला की तिने उठायचं, हात मागे बांधायचे आणि न अडखळता पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. बरोबर असलं की मी मान हलवते, मग ती बसते. उत्तर न येणाऱ्याने मी उत्तर सांगेपर्यंत उभं राहायचं. शिक्षा नाही हं ही, पद्धत आहे. शुक्रवारी चर्चच्या मंडळीतली आणखी चार मुलं येतात, तेव्हा आमच्या हॉलमध्ये नुसती उठबस चाललेली असते. आकाश म्हणतो, लॅटिन शिकून पोरगी भाजीवाल्याची वाट लावणार. म्हणू दे. उच्चार ऐकायला तोच दाराआड उभा असतो.

आपल्या धाकट्या दीप्तीला आठवा लागला. घाटकोपरला जाऊन डबा देऊन आले. आई गेल्यापासून तिचं सगळं मीच बघत आले, त्यामुळे हुकूम जरा जास्तच सोडते, असं ती म्हणते. अबोलीने बाळासाठी नावं काढून ठेवली आहेत, त्यातली निम्मी लॅटिन. तू प्रार्थनेत आठवण ठेव.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
क्षमा


बोरिवली,
२५ जून २०२४

चि. क्षमास,
सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही. जन्मभर शाळेत आणि रविवारी मंडळीत मुलांकडून तेच करून घेतलं. पाठ केलेलं म्हातारपणी कामाला येतं, आता डोळे अधू झाल्यावर मी त्यावरच तर दिवस काढते. लॅटिनचं मला कळत नाही, तेव्हा गप्प बसते.

पण तुझं पत्र दोनदा वाचलं तर एक गोष्ट खटकली. त्यात सगळे प्रश्न तूच विचारतेस. ती कधी विचारते का गं? आणि जिथे तुलाच उत्तर येत नाही, असा एखादा प्रश्न तिच्यासमोर ठेवलास का कधी? नसशील तर ठेव. आई अडली म्हणून मुलीचं काही बिघडत नाही. शिकवायची सवय वाईट असते बाई, घरातल्या माणसांनाही आपण वर्गात बसवतो.

दीप्तीच्या बाळासाठी पिवळ्या लोकरीचं टोपरं विणायला घेतलंय. डोळे साथ देत नाहीत, त्यामुळे टाके सुटतात आणि मी परत उसवते. बाळ यायच्या आत होईल असं वाटतं. तिला म्हणावं जिने कमी चढ.

आकाशला आणि माझ्या पोपटाला आशीर्वाद. म्हातारीला विसरू नका.

तुझी,
शेवंतीमावशी


मुलुंड पूर्व,
१८ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस,
सलाम.

आकाशने तुला येऊन सांगितलंच आहे. दीप्तीचं बाळ राहिलं नाही. मुलगा होता. हॉस्पिटलमधून घरी आलाच नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं, पण ते आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात शिरलं नाही.

मी लिहितेय ते त्यानंतर जे झालं त्यासाठी. गेल्या रविवारी तिच्याकडे सांत्वनाची प्रार्थना होती. घर भरलेलं. गायन झालं, पाळकसाहेबांनी वचन वाचलं. इतका वेळ दीप्ती भिंतीला टेकून होती. मग ती एकदम, कोणाकडेही न बघता, म्हणाली, "माझं बाळ का गेलं?"

मावशी, आपली अबोली उठली. हात मागे बांधले आणि प्रश्नोत्तरीतलं उत्तर खणखणीत आवाजात देऊन टाकलं, की मरण जगात पापामुळे आलं. पूर्ण वाक्यात. एकदाही न अडखळता. मग खाली बसली. तिला प्रश्न ऐकू आला, उत्तर येत होतं, तिने दिलं. तिचं काय चुकलं सांग?

दीप्ती आत निघून गेली ती बाहेर आलीच नाही. त्यानंतर माझा फोन घेत नाही. दोनदा घाटकोपरला गेले, तर तिच्या नवऱ्याने दारातच सांगितलं की झोपलीये. आणि अबोलीने आता उत्तरं देणंच सोडलंय. गणिताचंसुद्धा नाही. विचारलं की उठून उभी राहते आणि माझ्याकडे बघत बसते. आकाश म्हणतो, सोमवारी जुन्या शाळेत जाऊन विचारून येऊ. शाळेचं काय ते होईल. पण आम्ही बहिणी दोघीच आहोत गं मावशी, ती गेली तर माझं माहेरच संपलं. तू तिला लिही. तुझं ऐकेल.

तुझ्या मायेची आज फार गरज आहे.

क्षमा


घाटकोपर,
२ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस,
दीप्तीचा सलाम.

तुझं पत्र मिळालं. अबोलीवर मी रागावले आहे असं ताईने तुला लिहिलं असेल, तर ते खोटं आहे. लेकरू आहे ते. जे भरलं ते बाहेर आलं.

ताईने तुला सगळं लिहिलेलं दिसत नाही. उत्तर देऊन झाल्यावर अबोली लगेच बसली नाही. तिने ताईकडे बघितलं. आणि ताईने मान हलवली, मावशी. बरोबर आहे, बस, अशी. मी समोरच होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या पोराच्या मरणाला माझ्या बहिणीने पैकीच्या पैकी दिले.

सवयीने झालं असेल, मला कळतं. पण कळून काय करू? डोळे मिटले की ती मान दिसते. मला समजवायला जाऊ नकोस. आणि ते टोपरं पाठवू नकोस, माझ्याने बघवणार नाही.

तुझ्यावर माझा काही राग नाही, तेवढं मनात धर.

दीप्ती


बोरिवली,
९ सप्टेंबर २०२४

चि. क्षमास,
आशीर्वाद.

दीप्तीचं पत्र आलं. तू मान हलवलीस, हे तुझ्या पत्रात नव्हतं. का नव्हतं ते मी विचारत नाही.

तिच्याकडे परत जा. एकटी जाऊ नकोस, अबोलीला घेऊन जा. पोरीसाठी ती दार उघडेल. फक्त माफीची वाक्यं पोरीकडून पाठ करून घेऊ नकोस. आणि तूही काही पाठ करून जाऊ नकोस. जाऊन बस. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तरी बस. तुला काय उत्तर येतं ते तिला ठाऊक आहे. मंडळीतल्या सगळ्यांना ते येतं, तिलाही येतं. तिने ते विचारलंच नव्हतं.

मी इथून गुडघे टेकून तुम्हा दोघींसाठी मागते आहे.

शेवंतीमावशी


घाटकोपर,
२२ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस,
सप्रेम सलाम.

काल ताई आली होती, अबोलीला घेऊन. दार मी उघडलं. पोरगी वाळलीये गं. ताई खुर्चीच्या टोकावर बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. मी चहा केला, तो तसाच राहिला. ताई इतका वेळ काही न सांगता बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

मग माझं डोकं फिरलं म्हण. या वेळी काय शिकवून आणलंय ते बघू, असं मनात आलं आणि मी अबोलीला तोच प्रश्न विचारला. तोंडावर. माझं बाळ का गेलं?

ती उठली. हात मागे बांधले. तोंड उघडलं आणि मिटलं. मग ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली नाही. ती खुर्चीवरून उठली, अबोलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनेही हात मागे बांधले. एवढी मोठी बाई. त्यांच्याकडे उत्तर न येणाऱ्याने उभं राहायचं असतं, हे मला अबोलीनेच कधीतरी सांगितलं होतं.

कोणास ठाऊक कसं, पण मीही उठले. आम्ही तिघी उभ्या. खाली सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं, पाइपाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग अबोलीने हळूच विचारलं, "मावशी, आता उत्तर कोण सांगणार?"

मी म्हटलं, "कोणी नाही बाळा. तू बस."

बाळ गेल्यावर बाळा हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. ती बसली नाही, माझ्या पोटाला घट्ट बिलगली. मग मी रडले, मावशी. हॉस्पिटलमध्ये नव्हते रडले, प्रार्थनेलाही नव्हते. काल रडले.

आम्ही दोघी पलंगावर बसलो तरी ताई उभीच होती, हात मागे बांधून. बसू का, असंही तिने विचारलं नाही. मी हात धरून तिला माझ्या शेजारी बसवलं.

अबोलीच्या शाळेचं काय ते ती आणि आकाश ठरवतील. मी त्यात पडले नाही.

ते टोपरं उसवलं नसशील तर पाठवून दे. त्याचं म्हणून घरात काहीतरी असू दे.

तुझा हात डोक्यावर राहू दे.

तुझी,
दीप्ती