तीस हॅशटॅग आणि एक काळी चौकट

३ सप्टेंबर, मंगळवार

तीस! एका फोटोखाली तीस हॅशटॅग! देयान म्हणतो, त्याच्या आत थांबलात तर तुम्ही जगात नाहीच. देयान म्हणजे माझा मावसभाऊ. सोफियात असतो. आज आमच्या वाचनालयात येऊन बारा माणसांना ‘पोहोच कशी वाढवावी’ शिकवून गेला. बारापैकी चार जणींना मीच ओढून आणलं होतं आणि दोघे नुसते बाहेर ऊन होतं म्हणून आत बसले होते. उंटावरचा शहाणा! पांढरेशुभ्र बूट, आणि बोलताना सारखा हवेत बोटांनी चौकोन काढतो.

तरी सगळं उतरवून घेतलं मी. पाच मोठे टॅग, दहा मधले, पंधरा लहान. मोठे म्हणजे जे लाखो लोक लावतात. लहान म्हणजे जे आपल्यासारखेच लावतात. कुणी काही लिहिलं तर पहिल्या तासात उत्तर द्यायचं. रोज तेच तेच टॅग चिकटवायचे नाहीत. अडला हरी, दुसरं काय. बाबांच्या दुकानात अख्ख्या ऑगस्टमध्ये दोन माणसं आली. एक बाई पातेल्याला कल्हई करायला. दुसरा रस्ता विचारायला.

५ सप्टेंबर

पहिला फोटो टाकला. बाबा, हातोडी, आणि राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, गाळायचा अर्धा झालेला तांब्याचा हंडा. #तांबं #हस्तकला #बल्गेरिया #परंपरा #जुने_कारागीर... सव्विसावर दम संपला. मग #शरद, #डोंगर, #आनंद. तिसावा काही केल्या सुचेना, म्हणून #शांतता. बाबा तांबं ठोकतात तेव्हा पलीकडच्या गल्लीत बोलणं ऐकू येत नाही, आणि मी लिहितेय शांतता!

चारशे बारा लोकांना आवडलं. बाबांना दाखवलं. म्हणाले, “यातला कामेनब्रोदचा कोण?”

आमच्या गावचा एकही नाही.

६ सप्टेंबर

ब्राझीलचा एक गृहस्थ विचारतो, सांधेदुखीवर तांब्याचं कडं मिळेल का.

११ सप्टेंबर

आज जेवताना बाबांनी सांगून टाकलं. दिमित्रोव्हदेनला, म्हणजे सव्वीस ऑक्टोबरला, दुकानाला कुलूप. पूर्वी त्या सणाला मेंढपाळ नि गडी कामातून मोकळे होत, मीही होतो, म्हणाले. आणि मिरच्यांच्या ल्युतेनित्साची वाटी पुढे ओढली. जणू हवापाण्याविषयी बोलत होते. मी भांडले. गिऱ्हाईक आणते म्हटलं, फक्त वेळ द्या. तर म्हणतात, “गिऱ्हाईक आणशील गं. हंड्याचा तळ कोण धरेल?”

दोन माणसांचं काम ते. एकाने धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. माझ्या मनगटात तेवढा जोर नाही, बाबांच्या डोळ्यांत आता तेवढं तेज नाही. धरणारा एकच होता, तो बुर्गासमध्ये लोकांच्या घरी एसी बसवत फिरतो. माझा भाऊ. ओग्न्यान राडुलोव्ह!

नऊ वर्षं झाली. ओग्न्यानने यंत्रावर दाबून काढलेला तळ एका हंड्याला बसवला आणि त्यावर बाबांचा शिक्का मारला. बाबांना ठोकल्या आवाजावरून कळलं. गिऱ्हाइकासमोर हंडा उचलला आणि नदीत फेकला. मुलापेक्षा शिक्का मोठा झाला. आणि हा दिवटा फाटकातून काय ओरडला? “आता तुमचा कागद खांबावर लागेल तेव्हाच येईन.” म्हणजे मयताचा कागद! बापाला असं बोलतात? आणि बापाने तरी त्या दिवसापासून त्याचं नाव का घेऊ नये? दोघेही एकाच तांब्याचे. मधल्या मधे माझं डोकं ठोकलं जातंय नऊ वर्षं.

१९ सप्टेंबर

दोन आठवड्यांत अकरा फोटो. तीनशेतीस हॅशटॅग. गिऱ्हाईक शून्य. देयानला फोन करून चांगला झापला. तो आपला शांत. म्हणाला, “झोर्नित्सा, तू समुद्रात चिठ्ठ्या टाकतेस. डबकं शोध. तुला हवी ती माणसं जिथे रोज येऊन बघतात, असा एक टॅग पुरे.”

मग तीन तास तीसचं पुराण कशाला लावलं होतंस मेल्या!

२ ऑक्टोबर

सापडलं डबकं. #आम्ही_कामेनब्रोदचे.

गावात आता माणसं तीन हजार, आणि या टॅगवर नजर ठेवून आहेत सहा हजार. माद्रिद, लाइपझिग, शिकागो. सगळे इथून गेलेले. मला आधी आनंद झाला. मग खाली खाली बघत गेले. शाळेचा कार्यक्रम – चौदा जणांना आवडला. पुलाची दुरुस्ती – नऊ. आणि मध्ये मध्ये काळ्या चौकटी. वाचनालयासमोरच्या खांबावर गेलेल्या माणसांचे कागद लागतात ना, फोटो, नाव, साल – त्यांचेच फोटो काढून कुणीतरी इथे टाकतं. तीन पोस्टमधल्या दोन तशाच. त्यांना तीनशे, चारशे, साडेचारशे. ‘माती हलकी होवो.’ ‘माती हलकी होवो.’

म्हणजे हे लोक गावाकडे बघतात, पण एकाच गोष्टीसाठी. कोण गेलं! बेकरी बंद पडली तेव्हा कुणाला पत्ता नव्हता. बेकरीवाला मेला तेव्हा पाचशे दहा जण हळहळले. संताप संताप झाला माझा. त्या रागात मी बाबांचा सगळ्यात चांगला फोटो हाच एक टॅग लावून टाकला – रंगीत, नव्या हंड्याबरोबर, बाबा चक्क हसताहेत.

सात. त्यात एक मी.

९ ऑक्टोबर

राकिया गाळायचा हंगाम सुरू झाला. वरच्या आळीतला बोझिदार आमच्या दारावरून हातगाडीवर स्टीलचा हंडा घालून गेला. वर बाबांना हात केला! बाबांनीही केला. त्यांच्या जागी मी असते तर हातोडी फेकली असती.

१४ ऑक्टोबर, सोमवार

वाचनालयातल्या पेत्काचा आज नामदिवस, तिच्या नावाच्या संताचा सण. सकाळी फुलं घ्यायला गेले. फुलवाली वेला तीस वर्षं ओळखते मला, तरी दर वेळी विचारणार, “जिवंताला की गेलेल्याला?” म्हणजे विषम द्यायची की सम. जिवंताला गं बाई, पाच दे. पेत्का केक घेऊन वाट बघत बसलीय, आणि ही तिला सम फुलं बांधायला निघाली.

दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. बसले आणि बाबांची नवी पोस्ट केली. देयानचे रंग, झगमग, काही नको. ओळखपत्रासाठी काढलेला काळापांढरा फोटो घेतला. खाली स्तामेन राडुलोव्ह. खाली १९४८, पुढे एक आडवी रेघ. खाली एकच ओळ – अठ्ठावन्न वर्षं तांब्याशी, आभार. कडेने चौकट घातली, नीटनेटकं दिसतं म्हणून. एकच हॅशटॅग. देयानला आधी दाखवायला पाठवलं तर त्याचा लगेच फोन. त्याचं शहाणपण पुरे झालं आता. टाकून दिलं.

१५ ऑक्टोबर

एक हजार नऊशे!

आणि सगळे रडताहेत. सगळ्यांना वाटलं, बाबा गेले! मला काय स्वप्न पडलं होतं? १९४८ आणि पुढे रेघ – रेघेनंतर काहीच नाही, म्हणजे माणूस अजून चालू आहे! एवढंसुद्धा वाचता येत नाही लोकांना? पण वाचणार कोण. काळी कड दिसली की अंगठे सुटतात.

लाइपझिगहून कुणी लिहिलंय, त्यांच्या कढईने माझं बालपण खाऊ घातलं. कुणाच्या आजोबांचा हंडा अजून ठणठणीत आहे. कुणाच्या आईच्या पातेल्याला बाबांनी कल्हई केली आणि बदल्यात फक्त आलुबुखार घेतले. एवढं प्रेम होतं तर ऑगस्टमध्ये कुठे उलथला होतात सगळे? मेल्या म्हशीला मणभर दूध! आणि आमची म्हैस तर मेलेलीही नाही, पलीकडच्या खोलीत घोरतेय.

संध्याकाळी शेजारच्या काकू मेणबत्ती घेऊन रडत दारात. दार उघडलं बाबांनीच. काकू खाली बसल्या. बाबांनी त्यांच्या हातातली मेणबत्ती घेतली, म्हणाले, “राहू दे ही. वीज सारखी जाते.”

खुलासा टाकायला हवा. पण वाचनालयात आज पुस्तकांची तपासणी होती, उसंतच मिळाली नाही. एका अनोळखी नंबरावरून चार वेळा फोन येऊन गेला. नाही उचलला.

१६ ऑक्टोबर

बाबांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. सगळं! मी खुर्चीत, ते पलंगावर, हात छातीवर ठेवून. मध्ये मध्ये दुरुस्त्या. “खोटं बोलतो, तो हंडा माझ्या बापाने केलाय.” “ही कुठली? हिला मी ओळखतही नाही.” बोझिदारने लिहिलंय, असा कारागीर पुन्हा होणे नाही. त्यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. स्टीलचा हंडा घेऊन दारावरून गेलेला माणूस हा!

एकाने विचारलंय, कैलासवासी कारागिराचं एखादं भांडं शिल्लक आहे का, संग्रहाला हवं. म्हणजे माणूस गेल्यावर भांड्याची किंमत. त्याला मी असं उत्तर लिहिलं की पेत्काने पुसायला लावलं.

तीनशेच्या आसपास पोचल्यावर बाबांनी थांबवलं. पाण्याचा पेला हातात घेतला, प्यायले नाहीत.

“ओग्न्यानने लिहिलंय काही?”

नऊ वर्षांनी नाव आलं तोंडात. मी नाही म्हटलं.

“बरं,” म्हणाले. आणि भिंतीकडे कूस केली.

तो पाजी! जगातले एकोणीसशे लोक खोट्या बातमीवर रडू शकतात आणि पोटच्या पोराला दोन शब्द लिहवत नाहीत. इतका राग मला आयुष्यात आला नसेल. उठले, परसात जाऊन कोरडी लाकडं फोडली, गरज नसताना.

रात्री खुलासा टाकला. रंगीत फोटो, बाबा हातात आजचं वर्तमानपत्र धरून. तोच हॅशटॅग. अकरा जणांनी बघितला. एक बाई रागावलीय – आमच्या भावनांशी खेळलात. जिवंत राहिल्याबद्दल बाबांनी हिची माफी मागायची की काय!

१७ ऑक्टोबर

सकाळी मी बाबांना दुकान उघडून देत होते, तर समोर तो. काळा शर्ट, दाढी वाढलेली, हातात कार्नेशनची जुडी. पांढऱ्या गाडीवर बुर्गासच्या कुठल्याशा एसीचं चित्र. मला बघून म्हणाला, “झोरे, फोन का उचलत नव्हतीस? किती वाजता आहे?” अंत्यविधी विचारत होता. तेवढ्यात आतून हातोडीचा आवाज सुरू झाला.

त्याने तो आवाज ओळखला. कुठल्याही माणसाचा चेहरा तसा झालेला मी पाहिला नाही, पुन्हा बघायचाही नाही. फुलं तशीच धरून तो उंबऱ्यावर गेला. बाबांनी दोन ठोके आणखी मारले, मग मान वर केली.

“आलास.”

“कागद लागला होता,” ओग्न्यान म्हणाला.

“लागला होता खरा.”

बाबांनी हात पुढे केला. त्याच्या हातून फुलं घेतली आणि बोट लावून एकेक मोजली. आठ. त्यातलं एक उपसलं, ऐरणीवर ठेवलं. उरलेली सात कल्हईच्या डब्यात पाणी घालून खिडकीत ठेवली. पुन्हा हंड्यापाशी बसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “तळ धर. डावीकडून.”

ओग्न्यानने बाह्या वर केल्या आणि धरला.

मी रडले नाही. चिडलेच होते. चार तासांचा रस्ता, आणि नऊ वर्षं लावली! दोघांना चीज भरलेली बानित्सा नेऊन दिली ती जवळजवळ आपटलीच. दोघांनी खाल्ली. दिमित्रोव्हदेनचं कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी हंड्याला तळ लागलेला होता.

१८ ऑक्टोबर

या वहीशीही खोटं लिहिलं मी. सोमवारी देयानचा फोन आला तो उचलला होता. तो म्हणाला, अगं, हे मयताच्या कागदासारखं दिसतंय. मी म्हटलं, मला माहीत आहे. त्या सकाळी वाचनालय उघडण्याआधी मी पट्टी घेऊन खांबापाशी गेले होते. कागदाची काळी चौकट बारा मिलिमीटर रुंद असते.