पाळणाघराच्या पायाला दाता मिळेना

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय, जि. परभणी.

अर्जदार : सौ. राजेश्री नागेश दुधाटे, रा. मौजे आंबेशेवडी.

विषय : कापूस वेचणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर, त्याच्या पायासाठी दाता मिळत नसल्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मागच्या वेचणीत आमच्या शेजारच्या रोहिणीचे दीड वर्षाचे लेकरू खेळता खेळता शेततळ्यात गेले. आम्ही बायका चार ओळी पुढे होतो. कुणालाच आवाज आला नाही.

तेव्हापासून पाळणाघराच्या एका खोलीसाठी मी दारोदार फिरत आहे. जागा ग्रामपंचायतीने दिली. पाया गावाने भरला तर वरचे बांधकाम मंजूर होईल, असे आपल्याकडून कळले.

इथे चूक माझी झाली. जो देईल त्याच्या घरच्या गेलेल्या माणसाचे नाव लावू, असे मी सांगत सुटले. आमच्याकडे देवळाची घंटा असो की शाळेचे कपाट, 'यांच्या स्मरणार्थ' लिहिल्याशिवाय कुणी देत नाही. त्याप्रमाणे अकरा पंखे आले, पात्यांवर नावे रंगवून. पायासाठी काहीच आले नाही. गावातले मोठे शेतकरी व्यंकटराव यांचे त्यात तीन पंखे आहेत. त्यातल्या एकाऐवजी पायाला दगड द्या, असे मी म्हणाले, तर ते हसले. "सूनबाई, मातीत गाडलेलं नाव कोण वाचायलंय?"

विकून दगड घ्यावेत म्हणून एक पंखा एसटीने परभणीला नेला. दुकानदाराने खोका उघडला, पाते वाचले आणि खोका परत बंद केला. "ताई, मेलेल्या माणसाच्या नावाखाली कोण निजंल?" बरे, दात्यांना परत द्यावेत, तर मृताच्या नावाने दिलेली वस्तू कुणी घरात परत घेत नाही. सबब अकराही पंखे माझ्या एका खोलीच्या घरात असून माझी मुलगी राणी, वय सव्वा वर्ष, खोक्यांच्या फटीत निजते. सासूबाई म्हणतात, गावचे सगळे पितर आपल्याकडंच वस्तीला आले.

पायासाठी दान आले ते एकच. रोहिणीने लेकराचे चांदीचे वाळे आणून माझ्या हातात ठेवले. तिथे नाव दिसणार नाही, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "दिसू नगं. माझं लेकरू बी मातीतच हाय." एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात.

वाळ्यांत फार दगड येणार नाहीत. मी ते विकलेही नाहीत. विकवत नाहीत.

तरी विनंती की, पाया कार्यालयाने भरून द्यावा. हे नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. तिन्ही अर्जांना तेच उत्तर आले. बसत नसेल तर त्या जागेत निदान हातभर खड्डा तरी खोदू द्यावा. वाळे त्यात ठेवून बुजवू. रोहिणी ते परत घेत नाही, आणि राणी ते घालायला मागते.

दसरा झाला की वेचणी लागेल. राणी चालू लागली आहे. लुगड्याच्या काठाची दोरी करून एक टोक तिच्या कमरेला, एक माझ्या कमरेला बांधायचे ठरवले आहे. दोरी मी ओढून पाहिली. जुनी आहे.

हा अर्ज ती निजली की चार-चार ओळी असा आठवडाभर लिहिला. कोपऱ्यावरचा तेलकट पंजा तिचाच, माफी असावी.

आपल्या उत्तराच्या वाटेवर,
आपली नम्र,
सौ. राजेश्री नागेश दुधाटे
दि. ८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) जागेचा ग्रामपंचायत ठराव
२) अकरा पंख्यांवरील नावांची यादी
(वाळे जोडलेले नाहीत. टपालात टाकायला हात होईना.)