पाठीवरची प्लेट

बेस्ट, नेदरलँड्स, १८ एप्रिल २०२१

प्रिय हिमानी,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि विषय शेजाऱ्यांच्या मांजरावर नेतेस. म्हणून पत्र. आता अडवून दाखव! मागच्या महिन्यात तू डायव्हिंगचं सगळं सामान आमच्या श्रीहर्षच्या गाडीत भरून दिलंस आणि वर निरोप पाठवलास की मार्क्टप्लाट्सवर ऑनलाइन जाहिरात टाकून विकून टाक, मला आता पाण्यात जायचं नाही. गेल्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, डायव्हिंगच्या डॉक्टरांनी हरकत नाही असं लेखी दिलं, आणि शेवटी बाईसाहेबांनी स्वतःच नकारघंटा वाजवली. मी तेव्हा बरं म्हटलं. दीड मीटर लांब उभं राहून तुझ्याशी भांडता येत नाही गं.

तुझ्या सामानाचं काय झालं ते सांगते, पण आधी माझी बातमी ऐक, ती पोटात मावत नाहीये. मी बॅकप्लेट आणि विंग घेतली! आपण दोघी इतकी वर्षं ते हवा भरायचं फुगीर जॅकेट घालून खाली जात होतो ना, ते विसर. यात पाठीवर एक धातूची प्लेट असते, तिच्यामागे हवेची पिशवी, म्हणजे विंग, आणि त्यामागे सिलिंडर. पुढे काही म्हणता काही नाही. प्लेटच्या खाचांमधून एकच लांबलचक पट्टा ओवायचा, तोच खांद्यावरून येतो आणि कमरेला बांधला जातो. मी तर पाहताक्षणीच वेडी झाले. दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. अवनी तिच्या मैत्रिणींना डचमध्ये सांगत होती की आईला बॅकप्लेट झालीय, जणू काही आजारच.

दुकानात सध्या अपॉइंटमेंट घेऊन एकेकालाच सोडतात. दुकानदार हेंक मास्क लावून लांब उभा, आणि मला हात लावायची सोय नाही म्हणून झाडूच्या दांड्याने हा पट्टा वर, तो खाली असं दाखवत होता. मला इतकं हसू येत होतं की चष्म्यावर वाफ धरली. तो म्हणाला, स्टीलचीच प्लेट घ्या. इथल्या थंड पाण्यात ड्रायसूट घालायचा, तो तरंगतो, मग खाली जायला वजन लागतंच, ते प्लेटमध्येच असलेलं बरं. झेलंडच्या किनाऱ्यावर डाइव्ह करणारे सगळे स्टील वापरतात म्हणे. मी म्हटलं, मला अ‍ॅल्युमिनियमची हवी, हलकी. शिशाचं वजन कमरेला वेगळं बांधता येईल, एकदम सगळं उचलायला नको. त्याने खांदे उडवले. मग मी डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर झटकन सुटणारं बक्कल मागितलं. त्यावर तो जवळजवळ दुखावलाच. अखंड पट्ट्याला मध्ये जोड देणं म्हणजे त्याच्या मते पापच, मोडायला आणखी एक गोष्ट वाढते. मी ऐकलं, मान डोलावली आणि बक्कल घेतलंच. विंग मात्र त्याच्या सल्ल्याने घेतली, लहान आणि गोल, म्हणजे हवा कुठल्याही बाजूला सहज सरकते.

घरी आल्यावर पट्टा ओवायला श्रीहर्ष बसला. ऑफिसात नॅनोमीटरच्या गप्पा मारणारा माणूस, पण परकरात नाडी ओवायची कधी वेळ आली नव्हती ना! दोनदा उलटा ओवला. शेवटी मीच ओवला आणि त्याने माझ्या अंगावर मोजून मापून इतका छान बसवला की मी दिवाणखान्यात मिरवून घेतलं. आणि मग मी त्याला सगळा उसवायला लावला. म्हटलं, खांद्यात दोन बोटं कमी कर. तो वैतागला, चांगलं बसलेलं बिघडवायचं कशाला म्हणून. मी सांगितलं तसं कर म्हटलं, आणि त्याने केलं.

हे लिहिताना तुझा पहिला डाइव्ह आठवतोय. तू तेव्हा इथे बेस्टलाच राहायचीस. दोघींच्या रहिवासी कार्डावर नवऱ्याचा आधार, दोघी डच शिकून कंटाळलेल्या. ग्रेव्हेलिंगेनच्या तळ्यातून वर आलीस तेव्हा ओठ निळे, दात वाजत होते, आणि तू म्हणालीस की आता मला कोणी डिपेंडंट म्हणून दाखवावं. मी त्या दिवशी तुझ्या प्रेमात पडले, खरं सांगते. तेव्हापासून तू सोबत नसताना मी एकदाही पाण्यात गेले नाही. या वर्षभरात नियमांप्रमाणे दोघादोघांना बाहेर खेळायला, पाण्यात जायला परवानगी होती, जोडीदारही मिळाले असते, पण मला नको होते.

तर आता तुझं सामान. जॅकेट विकलं. ड्रायसूट, रेग्युलेटर, फिन्स, काहीच जाहिरातीत टाकलेलं नाही. पाणी का सोडलंस ते तू कोणाला सांगितलं नाहीस, पण मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये माझ्या गॅरेजमध्ये तू ते जॅकेट नुसतं घालून पाहिलंस, छातीवरचा पट्टा लावलास आणि लगेच सोडवलास. तो ऑपरेशनच्या जागी रुतला तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला होता. नंतर तू पाणी थंड म्हणालीस, वय झालं म्हणालीस. मी त्या दिवसापासून छातीवरून काहीच जात नाही असं काहीतरी शोधत होते. हिमानी, ही प्लेट माझी नाही, तुझी आहे. हलकी आहे कारण डाव्या हाताने जड उचलायचं नाही. बक्कल डावीकडे आहे कारण तो खांदा अजून पुरता मागे जात नाही. सिलिंडर मी उचलीन. आणि माप? दिवाळीत माझ्याकडे राहिलेला तुझा जांभळा रेशमी ब्लाउज! शिंप्याकडे नेतात तसा मापाला घेतला, आणि आम्ही दोघं शहाणे आतल्या गरम कपड्यांची आणि ड्रायसूटची जाडी धरायलाच विसरलो. त्यामुळे आत्ता तो पट्टा फक्त ब्लाउजवर बसेल. घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो, तर शनिवारी तो पाहुणा मी. ड्रायसूट घालून तयार राहा. नाही म्हणायचं असेल तर ते अंगावर घालून म्हण, मी निमूट परत नेईन. पट्ट्याचं जास्तीचं टोक श्रीहर्ष कापायला निघाला होता, मी कापू दिलं नाही. कात्री घेऊन येतेय.

तुझीच, पाण्याखाली तुझ्या डाव्या हाताला असणारी,
शलाका