लिटरला चौदा

प्रिय बाईसाहेब,

मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. आईचे गुडघे कसे आहेत? धाकटी शाळेत रमली का?

कारखाना साठ किलोमीटर लांब आहे. उन्हाळ्यात गाडी लिटरला अठरा द्यायची, या थंडीत जेमतेम चौदा देते. माझ्याच गल्लीतल्या वेल्डरची गाडी तीच, रस्ताही तोच, पण त्याला सतरा मिळतात. जेवताना तो रोज ते ऐकवतो आणि मी डबा अर्धाच ठेवून उठतो.

काल न राहवून विचारलं, "चाकात हवा जास्त भरतोस का?"

"हवा तर बघतोच. पण काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत तू वीस मिनिटं गाडी नुसती चालू ठेवतोस. पेट्रोल तिथेच जातं."

"मग तू काय करतोस?"

"मी आणि बायको दोन्ही बाजूंनी खरवडतो. पाच मिनिटांत काच साफ."

आज सकाळी खिडकीतून पाहिलं. दोघं हसत हसत खरवडत होती. मध्येच तिने त्याचा मफलर नीट केला. इतके दिवस त्याच्या गाडीवर जळत होतो तेच बरं होतं गं.

मग खाली उतरून मी दोन्ही बाजू एकट्यानेच खरवडल्या. सोळा मिळाले.

इकडे यायच्या तुझ्या व्हिसाच्या कागदांचं काय झालं ते लगेच कळव.

तुझी वाट बघणारा,
मीच