उसावरची हवाई टेहळणी

६ ऑक्टोबर, सकाळ
गणपतरावाच्या उसावर ड्रोन. गणपतराव माझा चुलतभाऊ, पण बांधावरून बोलणं बंद. ड्रोन उडवत होती त्याची सून राजनंदिनी. म्हणे ट्रेनिंग घेतलंय, औषध फवारते. असेल. पण ड्रोन आमच्या बांधापाशी थांबला आणि मग वळला. थांबायचं कारण काय? टेहळणी. शंभर टक्के.

७ ऑक्टोबर
परदेशातल्या युद्धाचे व्हिडिओ बघतोय. सगळ्या फौजा हेच करतात. दुसऱ्याची लढाई बघायची, आपल्या छोट्या लढाईत वापरायची. आमच्या कोडोली गावात हे डोकं फक्त मला. शेवटी फौजेत आयुष्य गेलं. स्टोअरला होतो, पण फौज ती फौज.
निष्कर्ष : तिकडे ड्रोन अडवायला जाळी लावतात.

८ ऑक्टोबर, दुपार
सौ. फोनवर हळू आवाजात बोलत होती. 'राजनंदिनी' एवढंच ऐकू आलं. मला बघून फोन बंद. विचारलं तर म्हणाली, "कुठं काय? तुमी जेवा की."
घरातच खबऱ्या!
संकल्प : सौ.ला प्लॅन सांगायचा नाही.

९ ऑक्टोबर
नदीकाठच्या ख्वाजाभाईकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं. त्यानं विचारलं, "पावणं, उसात मासं घावत्यात व्हय?" नुसता हसलो. सीक्रसी.

१० ऑक्टोबर
बांधावर उंच बांबू रोवून जाळं ताणलं. एक बांबू माझ्याच अंगावर पडला. किरकोळ नुकसान. सौ.ला सांगितलं, दोडक्याचा वेल चढवायचाय.

११ ऑक्टोबर, सकाळ
शत्रू हद्दीत घुसला. जाळ्यात अडकला. खाली! पंखे तुटले. इतक्या स्वस्तात कुठल्या फौजेनं ड्रोन पाडलाय?

तोच दिवस, दुपार
राजनंदिनी बांधावर बसून रडत होती. म्हणाली, "काका, तुमच्याच उसावर औषध मारायला आलतो की. काकींनी बोलिवलं."
उसावर मावा पडलाय म्हणे, रस शोषणारी कीड. मला कसं दिसलं नाही? सौ. म्हणाली, "तुमास्नी सांगितलं असतं तर त्यांचं औषध तुमी घेतलं असतं व्हय?"
ड्रोन दुरुस्तीला गेला. पोरीनं गावोगावची कामं धरली होती. सगळी बुडाली.
चूक इंटेलिजन्सची. तरी जेवण गेलं नाही.

१३ ऑक्टोबर
गणपतराव दारात आला. भांडला नाही. पाठीवरचा फवारणी पंप ठेवला आणि म्हणाला, "आता दोनी रानं तूच फवारायची." सौ.नं त्याला चहा दिला. मला नाही.

१४ ऑक्टोबर
ऊस डोक्याच्या वर. पानं तोंड कापतात, पंप पाठीवर गळतो. आत गेल्यावर दिशाच कळेना. फौजेत राहूनही. शेवटी बांधावरून गणपतरावच ओरडला, "डावीकडं, अमऱ्या! डावीकडं!"
गेलो डावीकडं.