अर्धं पोट रिकामं

प्रिय हाउसिया,

आपली घरं हाकेच्या अंतरावर आणि मी तुला पत्र लिहितेय, याचं तुझ्या बायकोला हसू आलं. "मी सांगते की तोंडी," आना म्हणाली. तोंडी निरोपाचं तू काय करतोस ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही, म्हणून तू तो थट्टेवारी नेतोस, लबाडा. आणि मोठेपणी बहीण बसली असेल तिथे भाऊ पाऊल टाकत नाही, मग समोर बसून बोलायचं तरी कसं?

काल तुझी बोट पाहिली. ओहोटीला ती नेहमीसारखी किनाऱ्यावर टेकली होती आणि पलीकडच्या बेटावरच्या नव्या चर्चसाठी माणसं टोपल्या टोपल्या वाळू ओतत होती. तू ओरडलास, "अरे, अजून अर्धं पोट रिकामं आहे! खोबरं भरताना झाकण लागत नाही, आणि आत्ताच दमलात?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. आपण जन्मभर बोट खोबऱ्यानेच मोजली. पोट भरलं की बोट भरली, एवढाच आपला हिशोब. त्यात टेकलेली बोट पाण्यात किती बुडेल हे भरतीपर्यंत दिसत नाही, आणि भरती आली की तुला निघायची घाई.

म्हणून माझ्या दुकानातला बिस्किटांचा रिकामा डबा घेतला आणि काट्यावर ठेवला. सुकं खोबरं भरलं, आठ किलो. तोच डबा कोरड्या वाळूने भरला, एकोणतीस. रात्रीच्या पावसात भिजलेली वाळू घातली, तर चौतीस. डबा तोच, हाउसिया, आणि वजन चौपट. तुझी अर्धी बोट वाळू म्हणजे दोन बोटी खोबरं, वर त्या चर्चसाठी गायला निघालेल्या बायका, त्यांत आना. आतल्या शांत पाण्यात ती तरंगेलही. प्रवाळाच्या भिंतीबाहेरची पहिली लाट बोटीत आली की संपलं. हे आनाकरवी कळवलं, तर तुझं उत्तर आलं, "ताईला म्हणावं, तिने डबे मोजावेत, बोट माझ्यावर सोडावी."

बाबांची आठवण काढायची नव्हती, पण काढते. ते बोटीसकट गेले त्या दिवशी वारा नव्हता. कपडे वाळत घातले होते, ते हलतसुद्धा नव्हते. लोक म्हणाले, देवाची मर्जी. आईनेही तेच धरून ठेवलं. पण त्या फेरीला खोबरं नव्हतंच. शाळेच्या भिंतींसाठी वाळू होती, आणि जाताना बाबा हसत म्हणाले होते, "आज बोट उपाशीच चालली." काल तुझ्या तोंडून जवळपास तेच ऐकलं. मला फार भीती वाटतेय रे.

बहीण म्हणून आजवर तुझ्यावर हक्क गाजवला नाही. आता गाजवते. आना हे वाचून दाखवत असेल तेव्हा मी तुझ्या बोटीत, त्या ओल्या वाळूवर बसलेली असेन. मला उठवायची कुणाची छाती नाही आणि तुला तर जवळही येता येणार नाही. पाव पोटच उरेपर्यंत वाळू उपसायला लाव, मी आपणहून उतरेन. नाहीतर रीत मोडून ये आणि सुकाणू धर. मी उठणार नाही. भरती चढायला लागली आहे.

तुझीच ताई,
लेसिएली