बोळातलं गोणपाट

आई, आज भर दुपारी तुझी लई आठवण आली. आठवण आली म्हणण्यापेक्षा तुझ्यापासून तोंड लपवावंसं वाटलं, हे खरं. आपलं घर आणि शेजारच्या खालांचं घर, मधे तो अरुंद बोळ. दोन्ही घरांच्या खिडक्या त्यातच उघडायच्या. चैत्र सरला की तू बोळाच्या तोंडाशी सुतळीनं गोणपाट बांधायचीस आणि अंघोळीचं उरलेलं पाणी तांब्यानं त्याच्यावर मारायचीस. नळाला पाणी येऊन दिवस लोटलेले असायचे, तरी गोणपाट कधी कोरडं पडू दिलं नाहीस. वर पत्रे तापून कडकड वाजतायत, मी शहाबादी फरशीवर पालथी पडलेय, पोटाला गार लागतंय, आणि ओल्या तागाचा वास घेऊन झुळूक आत येतेय. पलीकडून खाला म्हणतायत, "बाई, तुम्हारे टाट की हवा यहाँ तक आ रई!" आणि तू पन्ह्याच्या कैऱ्या उकडता उकडता हसतेयस.

एकदा मी ते गोणपाट सोडलं आणि ओढून फक्त आपल्याच खिडकीला बांधलं. तू शहागंजातून भाजी घेऊन आलीस, पाहिलंस, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी पाठीत धपाटा घातलास. "वारं काय तुझ्या बापाचं हाय व्हय गं? तिकडं त्या बाईनं उकडून मरायचं?" मला तेव्हा तुझाच राग आला होता.

आता पत्रे गेले, स्लॅब आला. या उन्हाळ्यात एसी घेतला. बसवणाऱ्यानं विचारलं, बाहेरचं मशीन कुठं लावू? समोर लावलं तर घराची शोभा जाते, म्हणून मीच म्हटलं, "मागं बोळात लावा." खालांची खिडकी ध्यानातच आली नाही असं सांगितलं, तर तू मानायची नाहीस. आली होती.

आज वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली वाकून पाहते, तर खालांच्या खिडकीला ओलं गोणपाट, आणि माझ्या मशीनची गरम हवा थेट त्याच्यावर. खाला आतून हात बाहेर काढून त्याच्यावर तांब्यानं पाणी मारत होत्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मला पाहून म्हणाल्या, "तेरी अम्माँ का तरीका है बेटी. अच्छी चीज सिखा के गई." मी नुसतं "हौ खाला" म्हटलं आणि खाली आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

बसवणाऱ्याचा नंबर हुडकून ठेवलाय. उद्या बोलावते, मशीन समोर घ्यायला लावते, असं तुला लिहिणार होते. पण हा कागद काही तुला पोचायचा नाही, मग खोटं कशाला लिहू? बाहेर लई ऊन आहे, आई, आणि हे सगळं मी दार-खिडकी लावून, एसी चालू ठेवूनच लिहितेय.